टोकन प्रकल्प : समूहाचा उत्साह आणि टिकाऊ मूल्य
(महाराष्ट्रातील काही उदाहरणांच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : टोकन, ब्लॉकचेन, समूह, वापरमूल्य, बाजारभांडवल, सट्टा.

प्रस्तावना

मुंबई-नाशिक महामार्गावरील पडघा आणि परिसरातील गावांचे अर्थकारण गेल्या काही दशकांत झपाट्याने बदलले आहे. जेथे भाताची खाचरे होती तेथे गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. समृद्धी महामार्गासाठी भिवंडी, कल्याण आणि शहापूर या तालुक्यांतील जमिनी संपादित झाल्या. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा हा मार्ग भिवंडी तालुक्यात येऊन पूर्ण झाला. या स्थित्यंतरात अनेक शेतकरी कुटुंबांच्या हाती आयुष्यात प्रथमच मोठी एकरकमी रक्कम आली. जमीन एकदाच विकता येते. त्यामुळे मोबदल्याच्या रकमेची गुंतवणूक चुकली तर ती भरून काढण्याचे साधन त्या कुटुंबाकडे उरत नाही.

याच काळात गुंतवणुकीचा एक नवा प्रकार भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून घराघरांत पोहोचला. ‘आमच्या टोकनमागे लाखो लोकांचा समूह उभा आहे, आज स्वस्तात घ्या, उद्या भाव दसपट होईल’ अशा आशयाचे संदेश महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत सर्वांना येत असतात. घरातील शिकलेला मुलगा हे संदेश वडिलांना समजावून सांगतो आणि त्या मुलाला शंका आली तर तो आपल्या प्राध्यापकांना विचारतो. म्हणून हा विषय केवळ वाणिज्य वा संगणकशास्त्र विभागाचा न राहता समग्र अध्यापकवर्गाच्या चिंतनाचा झाला आहे.

उद्दिष्टे

१. टोकन या संकल्पनेचा अर्थ व कार्यपद्धती सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२. समूहाच्या उत्साहातून टोकनचा भाव कसा वाढतो, याची मीमांसा करणे.
३. महाराष्ट्राशी निगडित उदाहरणांच्या आधारे हा उत्साह टिकाऊ मूल्यात केव्हा रूपांतरित होतो व केव्हा होत नाही, याचा शोध घेणे.

विवेचनासाठी न्यायालयीन निर्णय, तपास यंत्रणांची निवेदने आणि प्रकल्पांविषयीची सार्वजनिक माहिती या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

टोकन : संकल्पना

ब्लॉकचेन म्हणजे एकाच वेळी अनेक संगणकांवर ठेवलेली सामाईक खातेवही होय. बँकेची खातेवही बँकेच्या ताब्यात असते. ब्लॉकचेनमधील नोंदी सहभागी संगणक परस्परांशी ताडून पाहतात आणि एकदा झालेली नोंद मागाहून गुपचूप बदलणे अत्यंत कठीण असते. बिटकॉइन हे या तंत्रावरील पहिले चलन २००९ मध्ये कार्यान्वित झाले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमने या खातेवहीवर संगणकीय करार चालविण्याची सोय केली. त्यामुळे स्वतंत्र ब्लॉकचेन न उभारताही कोणालाही आपले टोकन निर्माण करता येऊ लागले. आज टोकन तयार करणे हे काही मिनिटांचे काम आहे. येथेच पहिला महत्त्वाचा मुद्दा स्पष्ट होतो : टोकनची निर्मिती ही मूल्याची निर्मिती नव्हे.

टोकनचे शेअरशी असलेले साम्य बहुधा वरवरचे असते. शेअरधारकाला कंपनीच्या नफ्यात व मालमत्तेत कायद्याने ठरवून दिलेला वाटा असतो. टोकनधारकाला काय मिळेल, हे केवळ त्या प्रकल्पाच्या नियमांवर अवलंबून असते. काही टोकन सेवेचे शुल्क भरण्यास उपयोगी पडतात, काही मतदानाचा हक्क देतात, तर काहींचा एकमेव उपयोग ती दुसऱ्याला विकणे एवढाच असतो.

पडघा परिसरातील वाचकाला हा भेद गोदामाच्या दाखल्याने चटकन उमगेल. गोदामाला मोल येते ते माल ठेवणाऱ्याच्या भाड्यामुळे. माल ठेवणारा हा गोदामाचा मालक नसतो. जागेचा भाव वाढावा अशी त्याची इच्छाही नसते. त्याला जागा हवी असते म्हणून तो पैसे मोजतो. आता अशी कल्पना करावी की रिकामी गोदामे बांधली गेली, त्यांत माल कधीच आला नाही आणि मालक केवळ परस्परांना चढ्या भावाने गाळे विकत राहिले. भाव काही काळ वाढेल. परंतु ज्या दिवशी नवा खरेदीदार येणार नाही, त्या दिवशी त्या भावाला आधार देणारे काहीच नसेल. कोणत्याही टोकन प्रकल्पाविषयी म्हणूनच पहिला प्रश्न असा विचारावा लागतो : यातील भाडेकरू कोण?

समूहाच्या उत्साहातून भाव कसा वाढतो?

नवा टोकन प्रकल्प प्रथम आपल्याभोवती समूह जमवितो. प्रारंभीच्या सभासदांना काही टोकन फुकट वाटली जातात. यालाच एअरड्रॉप म्हणतात. ज्याच्याकडे टोकन आले तो त्याचा प्रचारक बनतो, कारण भाव वाढण्यात त्याचे हित असते. टेलिग्राम व व्हॉट्सअ‍ॅपवरील गटांत भाववाढीचे आकडे सतत फिरत राहतात, शंका विचारणाऱ्यास अडाणी ठरविले जाते आणि विकणाऱ्यास फितूर. भिशीमध्ये सभासद एकमेकांना ओळखतात आणि जमलेली रक्कम फिरून त्यांच्याकडेच येते. येथे ओळखीचा तोच जिव्हाळा वापरला जातो. मात्र पैसा कोणाकडे गेला हे सभासदाला दिसत नाही.

भाव आणि मूल्य यांतील अंतर समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण पाहू. एका प्रकल्पाने १०० कोटी टोकन निर्माण केली. त्यांपैकी केवळ १ कोटी बाजारात आणली. काही उत्साही खरेदीदारांनी मोजकी टोकन १० रुपये दराने घेतली. शेवटचा भाव गुणिले एकूण टोकन, या रीतीने प्रकल्पाचे मूल्य १,००० कोटी रुपये असल्याचे जाहीर होते. प्रत्यक्षात हातांतून फिरलेली रक्कम काही लाखांचीच असू शकते. उरलेली ९९ कोटी टोकन त्याच भावाने विकत घेणारे कोणी अस्तित्वात नसते.

ही केवळ कल्पना नव्हे. शिबा इनू हे टोकन ऑगस्ट २०२० मध्ये निघाले. त्याच्या निर्मात्यांनी एकूण टोकनांपैकी निम्मी इथेरियमचे एक संस्थापक विटालिक ब्यूटेरिन यांच्या खात्यावर त्यांनी न मागता पाठविली होती. मे २०२१ मध्ये ब्यूटेरिन यांनी त्यांपैकी सुमारे ५० लाख कोटी टोकन भारतातील कोविड साहाय्य निधीला दान केली. हा निधी संदीप नैलवाल यांनी उभारला होता. दानाची कागदावरील किंमत सुमारे १०० कोटी डॉलर होती. परंतु दानाची वार्ता पसरताच शिबाचा भाव कोसळला आणि टोकन एकदम न विकता टप्प्याटप्प्याने विकली जातील असे निधीच्या संयोजकांना जाहीर करावे लागले. कागदावरील मोल आणि प्रत्यक्ष हाती येणारी रक्कम यांत केवढी तफावत असते, हे या प्रसंगातून दिसते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, समूहाच्या उत्साहाचे लोकोपयोगी साधनांत रूपांतर झाले ते टोकन जपून ठेवल्याने नव्हे, तर ती विकून मिळालेला पैसा प्रत्यक्ष कामी लावल्याने.

महाराष्ट्राचा पूर्वानुभव

समूहाचा उत्साह ही नवी गोष्ट नाही. मुंबईने तो १८६१ ते १८६५ या काळात अनुभवला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. या मागणीत खोटे काही नव्हते. परंतु त्यातून आलेला पैसा समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजनांच्या शेअरांत शिरला. बॅक बे कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले जाऊ लागले. ज्या जमिनीचा भाव बोलला जात होता ती अजून पाण्याखाली होती. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि शेअरवेडाचा डोलारा कोसळला. या बाजारातील अग्रणी प्रेमचंद रायचंद यांनाही तडाखा बसला आणि जुनी बँक ऑफ बॉम्बे बुडाली. तेजीच्या काळात मिळालेल्या पैशापैकी जो विटा-दगडांत व संस्थांत गेला तो टिकला. जो शेअरांच्या भावात राहिला तो विरून गेला.

याउलट उदाहरण प्रवरेचे आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी परिसरातील शेतकऱ्यांना संघटित करून आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन घेऊन सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. तेथेही आरंभी केवळ उत्साह व शब्दाचा भरवसा होता. गावोगाव फिरून भाग विकले गेले. मग फरक कोठे पडला? पहिली गोष्ट, भागभांडवलातून यंत्रसामग्री आली. दुसरी, सभासदाने भाग घेतला तो चढ्या भावाने विकण्यासाठी नव्हे, तर आपला ऊस गाळण्यासाठी. तिसरी, साखर विकत घेणारा ग्राहक हा सभासदांच्या वर्तुळाबाहेरचा होता. बाहेरून आलेला पैसा उसाच्या दराच्या रूपाने सभासदाच्या हाती पडत होता. चौथी, हिशेब सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्याचे कायदेशीर बंधन होते. पुढील काळात अनेक सहकारी कारखाने आजारी पडले, हे खरे. तरीही समूहाच्या उत्साहाचे टिकाऊ मूल्यात रूपांतर कसे होते, याचा नमुना महाराष्ट्राकडे घरचाच आहे.

उदाहरण पहिले : गेनबिटकॉइन आणि एमकॅप

पुण्यात गुन्हे नोंद झालेले गेनबिटकॉइन प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१५ पासून चाललेल्या या योजनेत गुंतविलेल्या बिटकॉइनवर दरमहा १० टक्के या दराने १८ महिने परतावा देण्याचे आश्वासन होते. नवे सभासद आणणाऱ्यास वेगळे लाभ दिले जात. साधे गणित केले तरी शंका यावयास हवी होती. १०० बिटकॉइन घेऊन १८० परत द्यावयाचे असतील तर वरचे ८० कोठून येणार? बिटकॉइनच्या निर्मितीचा वेग त्याच्या नियमांतच बांधलेला आहे. जुलै २०१६ मध्ये तर तो निम्म्यावर आला. एखाद्या संचालकाच्या इच्छेने तो वाढत नाही. अशा स्थितीत जुन्यांची देणी नव्या सभासदांच्या बिटकॉइनमधून भागविणे एवढाच मार्ग उरतो.

केंद्रीय अन्वेषण विभागाच्या निवेदनानुसार २०१७ च्या सुमारास नव्या गुंतवणुकीचा ओघ आटला आणि योजना डळमळू लागली. तेव्हा चालकांनी परताव्याची रीत एकतर्फी बदलली आणि बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ हे स्वतःचे टोकन देण्यास प्रारंभ केला. त्याचे मोल बिटकॉइनच्या तुलनेत फारच कमी होते. येथे टोकनची भूमिका उघडी पडते. एमकॅपमागे समूह होता, परंतु तो समूह म्हणजे स्वतःची येणी वसूल होण्याची वाट पाहणारे धनकोच होते. बाहेरचा भाडेकरू एकही नव्हता.

योजनेचे प्रवर्तक अमित भारद्वाज यांना २०१८ मध्ये अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुणे पोलिसांना तांत्रिक साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांनाच जप्त चलनाच्या अपहाराच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबर २०२३ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरात साठाहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या. ठाणे जिल्ह्यालाही असा अनुभव नवा नाही. जून २०१८ मध्ये ‘मनी ट्रेड कॉइन’ या नाण्याच्या प्रकरणी ठाणे पोलिसांनी कारवाई केली होती. पैसे देण्यास काही क्षण लागतात आणि ते परत मिळविण्याच्या प्रयत्नांत दशक लोटते, हा या प्रकरणांचा धडा आहे.

उदाहरण दुसरे : वझीरएक्स आणि डब्ल्यूआरएक्स

सर्वच टोकन प्रकल्प फसवणुकीचे असतात असे मानणे मात्र अन्यायाचे ठरेल. वझीरएक्स ही मुंबईत उभी राहिलेली विनिमय संस्था २०१८ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये तिचे डब्ल्यूआरएक्स हे टोकन विक्रीस आले. या टोकनाला उपयोग होता : संस्थेवर व्यवहार करताना शुल्कात सवलत मिळविण्यासाठी ते वापरता येत होते. २०२०-२१ च्या तेजीत वापरकर्ते वाढले, तसा टोकनचा भावही वाढला. म्हणजे येथे भाडेकरू होता.

परंतु हा भाडेकरू एकाच इमारतीत होता. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्सच्या तिजोरीतून सुमारे २३ कोटी डॉलर मूल्याची आभासी मालमत्ता चोरीस गेली आणि ग्राहकांना आपली मालमत्ता काढून घेणे अशक्य झाले. ज्या संस्थेच्या वापरावर टोकनचे मोल अवलंबून होते तिचेच व्यवहार थंडावले. एका संस्थेच्या सेवेशी बांधलेले टोकन हे त्या संस्थेच्या सुरक्षिततेइतकेच टिकाऊ असते. समूहाची निष्ठा कितीही उत्कट असली तरी ती तिजोरीच्या कुलपाची जागा घेऊ शकत नाही.

उदाहरण तिसरे : मॅटिकपासून पॉलिगॉनपर्यंत

या विषयाचे सर्वांत गुंतागुंतीचे आणि म्हणूनच सर्वांत बोधप्रद उदाहरणही मुंबईचेच आहे. जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी २०१७ मध्ये मॅटिक नेटवर्क सुरू केले. मिहाइलो बिएलिक हे चौथे सहसंस्थापक. इथेरियमवरील व्यवहार महाग व संथ होत होते; ते स्वस्त व जलद करणारे पूरक जाळे उभारणे हा प्रकल्पाचा हेतू होता. एप्रिल २०१९ मध्ये बायनान्स या विनिमय संस्थेमार्फत १९० कोटी मॅटिक टोकनांची विक्री होऊन सुमारे ५० लाख डॉलर उभे राहिले. २०२० मध्ये जाळे कार्यान्वित झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रकल्पाने पॉलिगॉन हे नाव धारण केले. जाळ्यावरील प्रत्येक व्यवहाराचे शुल्क मॅटिकमध्ये भरावे लागे. समूहाकडून आलेला पैसा अभियंत्यांच्या कामात आणि कामातून सेवेत उतरला, असे येथे निश्चितपणे म्हणता येते.

या सेवेचा वापर महाराष्ट्राच्या प्रशासनानेही केला. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांची पडताळणी ब्लॉकचेनवर करता यावी असा उपक्रम हाती घेण्यात आला. लेजिटडॉक या प्रणालीद्वारे दाखल्याची डिजिटल खूण पॉलिगॉनवर नोंदविली जाते आणि दाखल्यावरील क्यूआर संकेतावरून तो खरा की बनावट हे तपासता येते. बनावट दाखल्यांमुळे आदिवासी विद्यार्थ्यांच्या हक्काच्या जागा हिरावल्या जाण्याची तक्रार ज्या राज्यात वर्षानुवर्षे होत आली आहे, तेथे या वापराचे सामाजिक मोल सांगावयास नको. दाखला मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला मॅटिकचा भाव काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. तो खऱ्या अर्थाने भाडेकरू आहे.

असे असूनही टोकनधारकाचे काय झाले? डिसेंबर २०२१ मध्ये मॅटिकचा भाव २.९ डॉलरच्या आसपास पोहोचला होता. सप्टेंबर २०२४ पासून मॅटिकच्या जागी पीओएल हे टोकन एकास एक या प्रमाणात आले. २०२५ च्या अखेरीस त्याचा भाव पाव डॉलरच्याही खाली होता, म्हणजे शिखराच्या दहाव्या भागाहूनही कमी. २०१९ च्या विक्रीत टोकन घेऊन धरून ठेवणारा तरीही फायद्यात राहिला. उत्साहाच्या शिखरावर घेणाऱ्याचे मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक मोल गेले. जाळे चालू राहिले, वापर चालू राहिला, तरी हे घडले.

याची दोन कारणे सांगता येतील. पहिले कारण सेवेच्या स्वस्ताईत आहे. समजा, एका नोंदीस सरासरी १ रुपया शुल्क पडते. ६५ हजार दाखल्यांसाठी ६५ हजार रुपयांची टोकन लागतील. शिवाय अनेक दाखल्यांच्या खुणा एकत्र करून एकाच व्यवहारात नोंदविणेही तंत्रदृष्ट्या शक्य असते. मग शुल्क आणखी घटते. ज्या टोकनाचे बाजारभांडवल हजारो कोटी रुपयांत मोजले जाते, त्याला या मागणीने कितीसा आधार मिळणार? सेवा जितकी स्वस्त तितकी ती समाजाला उपयुक्त. परंतु तितकीच तिच्यासाठी लागणाऱ्या टोकनाची मागणी अल्प. समाजाला मिळणारे मूल्य आणि टोकनधारकाला मिळणारे मूल्य हे येथे एकमेकांपासून दुरावतात.

दुसरे कारण पुरवठ्याचे. एकूण १,००० कोटी मॅटिकपैकी १९ टक्के २०१९ च्या विक्रीत गेले. उरलेली संस्थापक, सल्लागार, प्रतिष्ठान व परिसंस्था यांच्यासाठी राखून ठराविक काळाने खुली होत गेली. बाजारातील टोकन पाचपट होणार असतील तर भाव केवळ स्थिर राहण्यासाठीही मागणी पाचपट व्हावी लागते. पुढे पीओएलच्या नियमांत दरवर्षी सुमारे २ टक्के नवी टोकन निर्माण करण्याची तरतूद झाली. उलट दिशेचा उपायही योजला गेला : इथेरियमने ऑगस्ट २०२१ मध्ये आणि पॉलिगॉनने जानेवारी २०२२ मध्ये शुल्काचा काही भाग कायमचा नष्ट करण्याची पद्धत स्वीकारली. वापर वाढला की टोकन घटतात, हा वापराचे मूल्य धारकापर्यंत पोहोचविण्याचा एक मार्ग आहे. मात्र शुल्कच नगण्य असेल तर नष्ट होणारी टोकनही नगण्यच असतात.

टिकाऊ मूल्याच्या कसोट्या

वरील उदाहरणांवरून कोणत्याही टोकन प्रकल्पाला लावता येतील अशा पाच कसोट्या हाती येतात.

१. भाववाढीची अपेक्षा नसलेला, केवळ सेवेसाठी पैसे मोजणारा ग्राहक आहे काय?
२. त्या सेवेला टोकन खरोखर आवश्यक आहे काय? तेच काम रुपयांत होत असेल तर टोकन शोभेपुरते आहे.
३. सेवेतून येणारे उत्पन्न टोकनधारकापर्यंत कोणत्या नियमाने पोहोचते?
४. उरलेली टोकन कोणाकडे आहेत आणि ती केव्हा विक्रीस येणार आहेत?
५. नियम बदलण्याचा अधिकार व तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती आहे आणि त्यावर स्वतंत्र तपासणी आहे काय?

एमकॅप पहिल्याच कसोटीवर अनुत्तीर्ण होते. डब्ल्यूआरएक्स पाचव्या कसोटीवर अडखळते. मॅटिक पहिल्या दोन कसोट्या उत्तीर्ण होते, परंतु तिसऱ्या व चौथ्या कसोटीवर धारकाला फारसा दिलासा देत नाही. समूह किती मोठा आहे, ही कसोटी या यादीत नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

कायदेशीर स्थिती

भारतीय रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाद्वारे बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांस सेवा देण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेवर १ टक्का उद्गमकर लागू झाला. ७ मार्च २०२३ रोजी या व्यवहारांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कर आकारला जातो म्हणजे शासनाने त्या मालमत्तेला चलनाची मान्यता वा गुंतवणुकीची हमी दिली, असे मुळीच नाही. दुसरे असे की, एका टोकनातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. एका टोकनात १ लाख रुपये मिळाले आणि दुसऱ्यात १ लाख गेले, तर हाती शून्य राहूनही ३० हजार रुपये कर व त्यावरील उपकर द्यावा लागतो. निश्चित परताव्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा करणाऱ्यांविरुद्ध १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा आणि २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा उपलब्ध आहेत. तथापि पैसा परदेशी खात्यात वा अनोळखी डिजिटल पाकिटात गेल्यावर कायद्याचा हात तेथवर पोहोचण्यास किती काळ लागतो, हे वर दिसून आलेच आहे.

निष्कर्ष

१. समूहाचा उत्साह टोकनला भाव देऊ शकतो. मूल्य देऊ शकत नाही. मूल्य समूहाबाहेरील वापरातून येते.
२. उत्साहातून आलेला पैसा सेवेच्या उभारणीत लागला तर सेवा टिकाऊ ठरू शकते. पॉलिगॉनचे उदाहरण याची साक्ष देते.
३. सेवा टिकली म्हणजे टोकनचा भाव टिकेलच असे नाही. उपयुक्त जाळे आणि लाभदायक टोकन या दोन भिन्न गोष्टी होत.
४. निश्चित परताव्याचे आश्वासन देणारा टोकन प्रकल्प हा तंत्रज्ञानाचा नव्हे, तर जुन्या साखळी योजनेचाच प्रकार मानावा.

समारोप

ब्लॉकचेन हे तंत्र त्याज्य नाही. एटापल्लीतील दाखल्यांनी त्याचा उपयोग दाखवून दिला आहे. परंतु त्या तंत्राविषयी वाटणारा आदर आणि त्यावर निघालेल्या एखाद्या टोकनात मोबदल्याची रक्कम गुंतविण्याचा निर्णय यांत मोठे अंतर आहे. हे अंतर विद्यार्थ्याला दाखवून देणे हे अध्यापकाचे काम आहे आणि त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. अर्थशास्त्राचा अध्यापक मागणी-पुरवठ्याच्या तासाला मॅटिकचे उदाहरण घेऊ शकतो, इतिहासाचा अध्यापक १८६५ च्या मुंबईचे, तर वाणिज्याचा अध्यापक कराच्या वरील गणिताचे. विद्यार्थी घरी जाऊन वडिलांना ‘समूह किती मोठा आहे’ हे सांगण्याऐवजी ‘यातील भाडेकरू कोण’ असे विचारू लागला, तर गोदामांच्या या परिसरात त्या प्रश्नाचा अर्थ कोणालाही वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.